वस्तरा, दगड आणि डावी मान

खुंटबहाद्दर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष मी उघड्या वस्तऱ्यानं दाढी करतोय. सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून अडकवतात तो नव्हे. ज्याची धार आपली आपण लावायची तो जुना, घडीचा वस्तरा. दोन्ही गाल, हनुवटी, मिशीच्या कडा झकास जमतात. अडतंय एकाच ठिकाणी. डाव्या जबड्याखाली, मानेवर, तीन बोटं मावतील एवढ्या जागेत दुसऱ्या दिवशी सकाळी लाल पुरळ उठतं आणि शर्टाची कॉलर लागली की आग होते. उजवी मान मात्र लोण्यासारखी. चेहरा तोच, साबण तोच, वस्तरा तोच, मग हा दुजाभाव कशाला?

आधी आजवर काय काय केलं ते सांगतो, म्हणजे 'मुळात वस्तराच कशाला' इथून सुरुवात नको.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी दोन वस्तरे मिळाले, दोन्ही मिळून सहाशे रुपयांना. पहिल्याचा बळी मीच दिला. आमच्या सोसायटीत सायकलवर दगड फिरवून धार लावणारे एक काका येतात. विळ्या, कात्र्या उत्तम करतात. त्यांच्यापुढे वस्तरा धरला. ते बिचारे म्हणाले, "साहेब, हे माझं काम न्हाई." मीच आग्रह केला. ठिणग्या उडाल्या आणि पातं हातात आलं तेव्हा धारेलगत निळसर-जांभळी रेघ होती. पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं. नंतर कितीही घासा, धार टिकत नाही. तो वस्तरा आता पत्रं फोडायला वापरतो.

दुसरा ५/८ चा, म्हणजे पात्याची रुंदी इंचाच्या आठ भागांपैकी पाच, साधारण १६ मिलिमीटर. मुठीजवळ 'झोलिंगेन' कोरलंय, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेलं जर्मन शहर. याच्यावर पहिला महिना वाया गेला तो घाईनं. बारीक दगड म्हणजे जास्त धार, असं समजून मी थेट ८००० नंबरचा दगड आणला आणि रोज शंभर हात मारायला लागलो. पात्यात तोंड दिसायला लागलं, दाढी मात्र कोंबडी सोलल्यासारखी. दोन्ही बाजूंचे उतार टोकाशी एकमेकांना भेटले नसतील, तर वरून कितीही पॉलिश करा, ते बोथट पात्याचं पॉलिश. ते भेटवायचं काम १००० च्या दगडाचं. आता माझा निम्मा वेळ तिथेच जातो. पात्याच्या मधल्या भागानं हातावरची लव नुसत्या स्पर्शानं उडायला लागली की मगच ४०००, ८००० आणि शेवटी १२०००.

वस्तऱ्याची गंमत अशी की कोन मोजावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप ठरतो. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. उलटवताना नेहमी पाठीवर उलटवायचा. मी एकदा विसरलो, त्याची खूण माझ्या पट्ट्यावर दोन इंच लांब आहे.

दगड अडीच इंच रुंद आहेत. सरळ पुढे, उलटवून सरळ मागे. शेवटच्या दगडावर हाताचा जोर अजिबात नाही, वस्तऱ्याचं वजन तेवढंच. मग कापडी पट्ट्यावर तीस, चामड्यावर साठ फेऱ्या. दाढी आंघोळीनंतर. फेस तीन मिनिटं. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत. पहिला हात केसांच्या दिशेनं, दुसरा आडवा, उलटा हात कधीच नाही. शेवटी गार पाणी आणि तुरटी.

आता बोला.

चहा_बिनसाखर

दीड वर्ष, चार दगड, दोन पट्टे आणि तरी पुरळ. आम्ही दहा रुपयांच्या प्लास्टिकच्या रेझरनं तीन मिनिटांत उरकतो आणि पुरळ फुकट मिळवतो. तुमची तर दगडवाल्यानं बिनपाण्यानं केली की हो.

(हलकेच घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

मृण्मयी_क

त्वचारोगाची डॉक्टर आहे, पण न तपासता निदान करत नाही, म्हणून सर्वसाधारण सांगते.

दाढीनंतरच्या त्रासात लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. एक म्हणजे नुसती सोललेली त्वचा. लगेच झोंबते, लाल होते, दिवसभरात निवते. दुसरी म्हणजे केस कापल्यावर त्याचं टोक परत त्वचेत घुसणं किंवा त्वचेखालीच वळणं. त्याचे फोड एक-दोन दिवसांनी येतात, मधोमध केस दिसतो आणि कुरळ्या, जाड केसांच्या लोकांना ते जास्त होतात. त्वचा फार ताणून उलट्या दिशेनं कापलं की केस पृष्ठभागाच्याही खाली कापला जातो आणि ताण सोडला की आत जातो. तिथून त्याचा बाहेर येण्याचा रस्ता वाकडा.

तुम्ही 'केसांच्या दिशेनं' म्हणता, पण मानेवरची दिशा पाहिलीय का? दोन दिवस दाढी वाढू द्या आणि कापसाचा बोळा चारी बाजूंनी फिरवा. ज्या दिशेनं जाताना कापूस अडकतो, ती उलटी दिशा. मानेवर डावी-उजवी सारखी नसते, पुष्कळांच्या केसांना तिथे भोवरा असतो.

आणि एक कळकळीचं. औषधाच्या दुकानातून खाज-पुरळाचं मलम आणून चेहऱ्याला चोळू नका. त्यातल्या कित्येकांत जोरकस स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि मलम थांबवलं की दुप्पट लाल. पू झाला, पसरलं, तर दाखवून घ्या.

खुंटबहाद्दर

डॉक्टर, कापूस फिरवला. तुम्ही म्हणता ते निम्मं खरं निघालं! डाव्या मानेवर खालच्या बाजूचे केस वर, कानाकडे जातात. म्हणजे वरून खाली येताना मी इतके दिवस तिथे उलटाच हात मारत होतो. पण गंमत म्हणजे उजवीकडेही तसंच आहे आणि तिथे काही होत नाही.

फोडात केस दिसत नाही. लगेच झोंबतं. तुरटी फिरवली की तेवढाच चौकोन पेटतो.

घर्षण

तुरटी हा फुकटचा नकाशा आहे. जिथे झोंबते तिथे पात्यानं केसाबरोबर कातडीही खरवडलेली असते. म्हणजे तिथे एकतर जोर जास्त पडतोय, नाहीतर धार कमी आहे. अनुभवानं सांगतो, दुसरीमुळेच पहिलं होतं. पातं अडखळलं की हात नकळत दाबतो.

धातुशास्त्राचा माणूस असल्यानं थोडं पाल्हाळ. केस हा पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी दाढीनं पातं बोथट का होतं? २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये याचं उत्तर दिलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडनं केस कापून पाहिले. धार हळूहळू झिजून गोल होत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरका लागला आणि त्याच जागी पोलादाची अंतर्गत घडण एकसारखी नसली की टवका गेलाच. त्यांचे प्रयोग ब्लेडवर होते, पण वस्तऱ्याच्या धारेलाही केस असेच वाकून भिडतात.

शिवाय दगड सपाट आहेत का? वापरून मधे खोलगट होतात. दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखा, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा. सगळ्या रेघा गेल्या की सपाट. बोहरी आळीत दोन्ही वस्तू मिळतील.

पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावता का? मी लावतो. पाठ झिजत नाही.

ऱ्हाईनकाठचा

घर्षणसाहेब, टेपवरून इथे लोकांच्या मैत्र्या तुटल्यात. पाठ झिजते तशी धारही झिजते आणि दोघी बरोबर झिजल्या तर कोन तोच राहतो. ती मुळातली योजनाच आहे. टेप लावून तुम्ही योजनेत ढवळाढवळ करता.

कामासाठी कोलोनला असतो, झोलिंगेन शेजारीच. ग्रेफ्राथ भागात पात्यांचं संग्रहालय आहे, एक अख्खी दुपार द्या. वुपर नदीच्या काठानं पाणचक्कीवर चालणाऱ्या सहाणगिरण्या होत्या. त्यांना 'कोटन' म्हणतात, एक-दोन अजून पाहता येतात. पात्याच्या दोन्ही बाजू आतून कोरून ते इतकं पातळ करायचं की नखानं वाकावं, ही खरी त्यांची करामत. अशा पात्यानं दाढी करताना खुंट तुटल्याचा आवाज येतो, तव्यावर मोहरी तडतडावी तसा. आणि 'झोलिंगेन' हे नाव कुणीही उठून कोरू शकत नाही. १९३८ सालापासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. जुन्या बाजारातल्या मालाची हमी मात्र जर्मन कायदा देत नाही.

जाता जाता, बेल्जियमच्या आर्डेन भागात व्हिएलसामजवळ पिवळसर दगड निघतो, कोटिक्यूल. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात. पाण्याचा चिखल करून घासलं की भराभर कापतो, नुसत्या पाण्यावर पॉलिश करतो. एकाच दगडात सुरुवात आणि शेवट. माझ्याकडे आहे, बायकोला किंमत सांगितलेली नाही.

घर्षण

टेपचा हिशेब घ्या. पातं १६ मिमी रुंद, पाठ ४.५ मिमी जाड धरली तर धारेचा कोन साधारण १६ अंश. टेपचा एक थर दोन्ही बाजूंना मिळून ०.३ मिमी वाढवतो, कोन होतो सतरा-साडेसतरा. एका अंशानं कुणाची योजना कोसळत नाही. फक्त एकदा लावलीत तर दर वेळी लावा. टेप काढून घासाल तर दगड मागच्या भागालाच लागेल, धारेपर्यंत पोचणारच नाही.

कोकणी_फणस

आमच्या दापोलीकडे पावसाळ्यात वस्तरा म्हणजे गंजाला आमंत्रण. ठिपका धारेवर पडला की तिथून टवका जातो. खोबरेल लावू नका, चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल एक थेंब, आणि बाथरूममध्ये ठेवायचा नाही. तांदळाच्या डब्यातही ठेवून पाहिलाय. आईला सापडला. पुढचं लिहीत नाही.

धोकटी

उशिरा आलो. आमचा पिढीजात धंदा हाच, मी मात्र बँकेत. आज्जा आठ गावांचा बलुतेदार. त्याची धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, माझ्याकडे आहे, म्हणून हे नाव. दोन वस्तरे, कातर, नखं काढायची नराणी, चिमटा, पितळी वाटी, आरसा आणि एक काळा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, मधे होडीसारखा खोल झालेला. होय घर्षण, अजिबात सपाट नाही. त्याच्यावर कुठे कसा हात फिरवायचा, ते फक्त आज्ज्याला माहीत होतं.

साबण त्यानं म्हातारपणी पाहिला. त्याआधी नुसतं पाणी. पण ते पाणी असं चोळायचा, असं चोळायचा, की गिऱ्हाईकाची मान डुलायला लागायची. 'बिनपाण्यानं' म्हणतात ते उगीच नाही. त्याच्या हिशेबी दाढी म्हणजे तीन भाग भिजवणं आणि एक भाग वस्तरा. मधेच तळहातावर पातं उलटसुलट फिरवायचा, टप टप टप, बोलणं न थांबवता. नव्वदच्या दशकात एड्सची भीती आली, गिऱ्हाईकं 'नवीन ब्लेड टाका' म्हणायला लागली. बरोबरच होतं ते. चुलत्यानं वस्तरे पेटीत ठेवले, ते ठेवलेच.

आता खुंटबहाद्दर, तुमचा मूळ प्रश्न. पातं किती लांब आहे? आणि डाव्या मानेला तुम्ही उजव्या हातानंच पोचता ना?

खुंटबहाद्दर

तीन इंच. हो, सगळं उजव्या हातानं. डाव्या हातात वस्तरा धरायची हिंमत नाही.

धोकटी

दगड अडीच इंच. पातं तीन इंच. हात सरळ. उरलेला अर्धा इंच कुठे जातो?

घर्षण

अरे देवा. दंडवत घ्या, धोकटीभाऊ. सगळा वेळ समोर लिहिलं होतं.

चहा_बिनसाखर

मला कुणी समजावेल का? पॉपकॉर्न संपत आलंय.

धोकटी

चहाभाऊ, दगडापेक्षा पातं लांब आहे. मुठीकडची बाजू दगडावर नीट बसवली की टोकाकडचा अर्धा इंच बाहेर लोंबकळतो. त्याला दगड लागतच नाही, दीड वर्ष लागलेला नाही. लव उडते का ते यांनी मधल्या भागानं तपासलं, तिथे धार आहेच. उजव्या गालाला, उजव्या मानेला मधला भाग लागतो. डाव्या मानेला तोंडावरून हात आडवा नेऊन पोचावं लागतं, तिथे पात्याचं टोकच पुढे येतं. म्हणजे दाढीचा तेवढा चौकोन यांनी जुन्या बाजारातून आणलेल्या धारेनं केलाय.

खात्री करायची तर कायम शाईचं मार्कर धारेवर दोन्ही बाजूंनी ओढा. १००० वर नेहमीसारखे दोन हात मारा. जिथे शाई राहील तिथे दगड पोचत नाही.

सुधारायचं असं. हात सरळ न नेता तिरका न्यायचा. सुरुवातीला मुठीकडची बाजू दगडावर, पुढे जाता जाता वस्तरा आपल्याकडे ओढत न्यायचा, शेवटी टोक दगडावर. उलटवून तेच. दोन हातांची फुली होते.

खुंटबहाद्दर

व्हिडिओत तो तिरका हात पाहिला होता हो. मला वाटलं, ती ऐट आहे.

शाई लावली, दोन हात मारले. धारेलगत स्वच्छ चंदेरी रेघ, आणि टोकाकडे पट्टीनं मोजून १२ मिलिमीटर जशीच्या तशी काळी. दोन्ही बाजूंनी. घरच्यांना बोलावून दाखवली. लेक म्हणाली, "बाबा, हे तर नेलपॉलिश उरल्यासारखं दिसतंय."

आज रात्री १००० पासून सगळं पुन्हा.

मृण्मयी_क

आठवडाभर त्या जागेला वस्तरा लावू नका. सुजलेल्या त्वचेवर चाचणी घेतलीत तर काहीच कळणार नाही.

खुंटबहाद्दर (नऊ दिवसांनी, धागा वर काढतोय)

डॉक्टरांचं ऐकलं, आठ दिवस गळ्याशी साधूसारखा फिरलो. ऑफिसात चौकशा झाल्या.

दगडांचं आधी सांगतो. पेन्सिलीच्या चौकटी आखल्या तर १००० चा दगड मधे चांगलाच खोल निघाला, सपाट करायला पाऊण तास लागला, बेसिन राखाडी झालं. मग फुलीचा हात. पहिल्या दिवशी मनगट ऐकेना, टोक दगडाच्या कडेवरून घसरायचं. टोकाची शाई जायला १००० वर तीनदा बसावं लागलं, कारण तिथे उतार बनलेलाच नव्हता. या वेळी लव तीन ठिकाणी तपासली, मुठीकडे, मधे आणि टोकाला. टोकानं पहिल्यांदा केस उडाला तेव्हा मध्यरात्रीचा एक वाजला होता.

काल दाढी केली. गालांचं सोडा. डाव्या मानेवर खालून वर, केसांच्या दिशेनं एक हात, मग आडवा एक. ऱ्हाईनकाठच्यांची मोहरी तिथेही तडतडली! इतके दिवस तिथे नुसता खरखर आवाज यायचा आणि मला वाटायचं, मानेचा आवाजच तसा. तुरटी फिरवली. गार लागली, बस. आज सकाळी आरशात पाहिलं तर जबड्याखाली दोन फिकट ठिपके, तेही बहुधा आडव्या हाताचे. उद्या आडवा हात वगळून बघतो.

धोकटीभाऊ, पुण्याला आलात तर दाढी माझ्याकडे.

धोकटी

निमंत्रणाबद्दल आभार, पण माझी मान मला एकच आहे. तुम्ही दोन महिने करा, मग बघू.

पट्ट्याचं एक राहिलं. चामडं ताणून धरा. सैल धरलं की पातं वळताना चामडं धारेभोवती गुंडाळतं आणि दगडावर कमावलेलं सगळं गोल करून टाकतं.

चहा_बिनसाखर

एक गंभीर प्रश्न. हसू नका. बायकोनं हा धागा वाचला आणि आता विचारतेय की तो १००० चा दगड विळीला चालेल का. विळीचं पातं वाकडं, दगड सपाट.

धोकटी

चालेल, पण विळी हलवू नका, पाटावर पाय देऊन घट्ट धरा आणि दगडच पात्यावरून फिरवा. बोटं कडेच्या मागे ठेवा. वहिनींना सांगा, आधी मार्कर ओढा.